मुडद्याला फ्रेंचमध्ये काय म्हणतात

हर्सूल, छत्रपती संभाजीनगर
२ मार्च २०२५

हेलेन,

पत्राच्या वर नुसतं नाव लिहिलंय, ते रागानं नाही. आमच्याकडं सुनेला पत्र लिहिताना आधी 'चि. सौ.' घालतात. सौ. आता घालता येत नाही, आणि तुझ्या नावामागं श्रीमती लिहायला माझा हात धजत नाही. तेव्हा नुसतं हेलेन. त्यातला ह म्हणायचाच नसतो, असं आमरीननं आज सांगितलं. इतकी वर्षं मी तो ठासून म्हणत आले आणि तू एकदाही मला टोकलं नाहीस.

आमरीन म्हणजे आमच्या समोरच्या हबीबभाईंची मुलगी. तिसरीला माझ्या वर्गात होती, जोडाक्षरं बघितली की रडायची. आता फ्रेंच शिकून अजिंठ्याला येणाऱ्या पाहुण्यांना लेणी दाखवते. मी मराठीत लिहिणार आणि ती तुझ्या भाषेत करणार, असं आमचं ठरलंय. तुझी मेलही तिनंच वाचून दाखवली. मध्येच थांबली आणि म्हणाली, "बाई, पुढचं ऱ्हाऊ द्या." मी म्हटलं, "वाच. पोरगा गेला त्याहून वाईट काय असणार आहे त्यात?"

पण होतं. विश्वजीतच्या फोनवर मी पाठवलेले आवाज तू एकेक करून भाषांतराच्या यंत्राला ऐकवलेस. यंत्रानं तुला सांगितलं, 'प्रेता, कुठे उलटून पडलास?' 'प्रेता, थंडी आहे, कान झाक.' 'तुझं प्रेत बसवलं, फोन का करत नाहीस?' अशी वर्षानुवर्षांची. आणि शेवटच्या रविवारी मी सोनियाला म्हणाले होते, "मेले, दात पडला की गं तुझा!" पोरीनं तुला 'मेले'चा अर्थ विचारला, तू यंत्राला विचारलास, आणि त्यानं तो सांगून टाकला. आता ती झोपताना दिवा मालवू देत नाही. आजीनं पापाला प्रेत म्हटलं आणि पापा गेला, मलाही मेली म्हटलंय, मग माझी पाळी कधी, असं विचारते. म्हणून तू रविवारचा फोन बंद केलास. तुमच्या या मरणाच्या भाषेपासून माझ्या मुलीला दूर ठेवा, असं लिहिलंस.

तुझा राग आला नाही, असं लिहिणार होते. पण आला. मग सोनियाचा विचार केला तेव्हा थोडा उतरला. सात वर्षांच्या पोरीला भीतीनं झोप लागत नसेल तर तिच्या आईनं फोन तोडलाच पाहिजे. तुझ्या जागी मीही तोडला असता.

यंत्र चुकलं असंही मी म्हणणार नाही. जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवलं, शब्दाचा अर्थ मला फिरवता येत नाही. अर्थ तोच आहे. फक्त तो कशासाठी म्हणतात हे यंत्राला माहीत नाही, आणि विश्वजीतनं तुला ते सांगितलेलं दिसत नाही, म्हणून मी सांगते.

त्याच्या आधी मला दोन मुलं झाली होती. एक बारशापर्यंतही राहिलं नाही. दुसरं रांगायला लागलं होतं, दाराचा उंबरा धरून उभं राहायचं, ते तापानं गेलं. तेव्हा आम्ही अजिंठ्याजवळ गावी राहायचो. तिसरा हा झाला, तेव्हा माझ्या सासूबाईंनी त्याला सुपात घातलं आणि नेऊन उकिरड्यावर ठेवलं. खऱ्याखुऱ्या उकिरड्यावर, शेणाच्या ढिगापाशी. आधी ठरल्याप्रमाणं शेजारची म्हातारी आली, तिनं ते सूप उचललं आणि आमच्या दारात येऊन म्हणाली, "कुनाचं तरी टाकल्यालं पोर घावलंय बाई, पाळता का?" मी आत बाजेवर पडून ऐकत होते. सासूबाई म्हणाल्या, "कुनाला पायजे ते कडू कारटं? ठिव तिकडं कोपऱ्यात." आणि पदरात तोंड घालून रडल्या. मग नाव ठेवलं कडुबा. म्हणजे मरणानं तोंडात घेतलं तरी थुंकून टाकावं.

विश्वजीत हे नाव मी शाळेच्या दाखल्यासाठी घातलं. जग जिंकणारा. ते कागदावरच राहिलं, घरात ते मोठ्यानं घ्यायचं नाही असा दंडक होता. त्याचं कौतुक करायचं नाही, गोरागोमटा म्हणायचं नाही, हुशार म्हणायचं नाही. ज्याच्यावर जास्त जीव त्याला जास्त शिव्या. तुला आठवतं का, आमच्यात सहाफुटी माणसाला बारक्या म्हणतात आणि काळ्याभोर माणसाला गोऱ्या, आणि तुझ्या सासऱ्यांचं तात्यासाहेब सोडून खरं नाव काय असं तू विचारलंस तेव्हा आम्ही सगळे एकमेकांकडं बघायला लागलो? ही माणसं सगळं उलटंच का म्हणतात, असं तू तेव्हा विचारलं होतंस. त्याचं उत्तर हे. जे ऐकायला टपलेलं असतं त्याला खरं कळू द्यायचं नाही. मी त्याला रोज तोंडानं मारून ठेवत होते हेलेन, दुसऱ्या कुणाला तो मारायला मिळू नये म्हणून.

यंत्रानं ज्याचं 'प्रेत' केलं तो मूळ शब्द मी या पत्रात लिहीत नाही. पत्र सोनियाच्या हाती पडेल म्हणून.

तिला सांग, आजी 'मेले' म्हणाली ते तिनं म्हातारी होऊन टकाटका काठी टेकत चालावं म्हणून. पटलं नाही तरी फोन लाव. मी एक शब्द बोलणार नाही, नुसता तिचा आवाज ऐकू दे. रविवारी संध्याकाळी हे फोन हातात घेऊन बसतात आणि मी बघितलं की म्हणतात, "बॅटरी किती हाय ते बघतोय."

तुझी,
आई


९ मार्च २०२५

हेलेन,

हे पत्र आमरीनकडं जाणार नाही. तुझं उत्तर नाही. आजचा रविवारही कोरडा गेला. दुपारी ताटावर बसले आणि तशीच उठले. डोक्यात चाललंय ते कुठंतरी उतरवल्याशिवाय मला घास जायचा नाही.

मागच्या पत्रात शब्द लिहिला नाही तो सोनियासाठी नव्हे. तू ओळखशील म्हणून. तू तो यंत्राच्या फ्रेंचमध्ये वाचलास, माझ्या घोगऱ्या, घाईच्या बोलण्यात तुझ्या कानाला तो सापडला नाही. मुडद्या. आता लिहिला.

आठवला का? माझ्या पुतण्याचं, ऋतुराजचं लग्न होतं, गावाकडं, मे महिन्यात. तू हिरवी साडी नेसून बायकांच्या पंगतीत मांडी घालून बसली होतीस आणि विश्वजीत बुंदी वाढत होता. तू त्याला सगळ्यांसमोर स्वच्छ, खणखणीत आवाजात म्हणालीस, "ए मुडद्या, मला बुंदी वाढ ना." तुला ळ म्हणता येत नाही, ण म्हणता येत नाही, पण हा शब्द तू असा म्हणालीस की जशी इथंच जन्मलीस. अख्ख्या पंगतीचे हात थांबले. मग आमचे धाकटे दीर, अप्पाराव, पोट धरून हसायला लागले. "वहिनी, सून लई तयार केली की!" म्हणाले, आणि सगळा मांडव हसला. मीही पदर तोंडाला लावला. लोकांना वाटलं मी हसतेय.

मी हसत नव्हते. मी विश्वजीतला कोठीघरात ओढलं आणि विचारलं, "हे तिला कुणी शिकवलं?" तर हा खिदळत म्हणतो, "तिनं विचारलं आई तुला काय म्हणती. मी म्हणलं, त्याचा अर्थ शेरी. म्हंजे लाडका. तवापासून म्हणती. आता खरं सांगितलं तर हिरमुसंल. ऱ्हाऊ दे ना आई, किती गोड म्हणती." मी त्याच्यावरून मीठ-मिरच्या ओवाळल्या आणि आचाऱ्याच्या भट्टीत टाकल्या. चांगल्या तडतडल्या, पण ठसका उठला नाही. ठसका उठला नाही म्हणजे नजर लागलेली आहे, एवढं आमच्याकडं लहान पोरालाही कळतं.

आईनं म्हटलं तर ते कवच असतं. बायकोच्या तोंडून ते अभद्र. मी अजून यांचं नाव घेत नाही, 'हे' म्हणते, आणि तू माझ्या लेकाला जिवंतपणी मुडदा म्हणालीस, तेही लग्नाच्या मांडवात, अक्षता पडायच्या जागी. मी त्याला इतकी वर्षं शिव्यांनी जगवलं आणि तुझ्या एका लाडानं तो गेला. हे मला वाटतं. भांडी घासताना वाटतं, भाजी निवडताना वाटतं, तुझा फोटो बघताना तर वाटतंच.

आणि तू मला मरणाची भाषा शिकवतेस! एका ओळीत मी तुला उत्तर देऊ शकते. आमरीनला फक्त एवढं सांगायचं, लिही, तो शब्द तूही म्हणायचीस. रविवारचा फोन पुन्हा सुरू झाला नाही तर ती ओळ मी पाठवणार आहे. मग तुझा दिवा कोण मालवतं ते मी बघते.


६ एप्रिल २०२५

हेलेन,

तुझं उत्तर आलं. आमरीन ते घेऊन फाटकातूनच ओरडत आली, "बाई, शेण! शेण!" मला वाटलं गाय शिरली अंगणात, मी झाडू घेऊन बाहेर.

तू लिहिलंस की तुझी आजी, ती गाईगुरांच्या शेतावर राहायची ती, लहानपणी तुला 'मा क्रोत' म्हणून हाक मारायची. आमरीनला शब्द माहीत होता, पण तो कुणी लाडानं म्हणत असेल हे तिच्या मास्तरांनी तिला शिकवलं नव्हतं. याचं नेमकं मराठी काय करावं म्हणून डोकं धरून बसली. मी विचारलं, "गाईचं का शेळीचं?" म्हणाली, "बारकं असतं." म्हटलं, "मग लेंडी." तुझी आजी तुला माझी लेंडी म्हणायची आणि तू ते ऐकून तिच्या मांडीवर जाऊन बसायचीस, असं तू लिहिलंस. ते मी आमरीनकडून दोनदा वाचून घेतलं.

आणि विश्वजीत सोनियाला 'मा प्युस' म्हणायचा, म्हणजे माझी पिसू! हे त्यानं मला कधी सांगितलं नाही. मला म्हणायचा, "फ्रेंच लई गोड भाषा हाय आई, ऐकतच ऱ्हावं." गोड कसली, पिसू आणि लेंडी. म्हणजे लेकानं रीत सोडली नव्हती तर. तुमच्या भाषेत त्याला आमचीच रीत सापडली होती.

जाहेदा, आमरीनची आई, तेव्हा शेवया घेऊन आली होती. तिला सगळं सांगितलं तर तिला नवल वाटलं नाही. म्हणाली, "हौ बाजी, मेरी नानी मेरे कू मुई बोलके इच उठाती थी. मेरा नाम तो मेरे कू इस्कूल में मालूम पड्या." मुई म्हणजे मेलीच. मी हसले. जानेवारीनंतर पहिल्यांदा हसले आणि तोंडातल्या तोंडात ते आंबट झालं, उठून आत गेले. ती माझ्यामागं आली नाही. शहाणी बाई आहे.

उकिरड्याची गोष्ट तू सोनियाला सांगितलीस आणि ती म्हणाली, पापाला घाण वास आला नाही का? तिला सांग, आला असणार, कारण लई रडत होता, सगळ्या गल्लीला ऐकू येत होता. ते रडणं ऐकून मला बाजेवर किती बरं वाटत होतं हे तिला आत्ता कळणार नाही, तुला कळेल. दिवा मालवून झोपली हे वाचून यांनी आमरीनला पुन्हा विचारलं, "पूर्ण मालवला ना? का बारका ठिवला?"

फोनचं तू लिहिलंस, अजून थोडं थांबा. थांबते. इथं ऊन तापायला लागलंय, कूलरमध्ये पाणी भरणं एवढंच काम आहे, थांबायला काही हरकत नाही. मला आणखी एक गोष्ट लिहायची होती. ती आता लिहीत नाही.

तुझी,
आई


२९ एप्रिल २०२५

कडुबा,

तुला काय म्हणून हाक मारू? पहिल्यांदा नेहमीचा शब्द लिहिला आणि खोडला. इतकी वर्षं तो खोटा होता म्हणून तोंडातून सहज निघायचा. आता तो खरा झालाय आणि मला लिहवत नाही.

हेलेनची मेल आली. छोटीशीच. सोनियानं माझे जुने आवाज ऐकायला मागितले, तिनं लावले, आणि पोरगी ऐकता ऐकता म्हणाली, ममा, तूपण पापाला मुडद्या म्हणायचीस ना, हाच तो शब्द आहे का? मी दीड महिना जे दाबून धरलं ते तुझ्या लेकीनं बसल्या जागी काढलं. कान तिचा तुझ्यासारखा आहे.

हेलेन लिहिते, तू तिला तो शब्द शिकवलास तेव्हापासून रोज सकाळी ती तुला त्याच नावानं उठवायची. त्या दिवशी दारापुढचा बर्फ उपसायला तू निघालास तेव्हा ही आतून ओरडली, मुडद्या, टोपी घाल. तीच शेवटची हाक. फावडं सापडलं, टोपी सापडली, तू सापडलास तो गेलेलाच. आता ती विचारते, आईनं म्हटलं तर मुलगा वाचतो हे मला समजलं. बायकोनं म्हटलं तर काय होतं? आमरीनला विचारलं, ती उत्तर देत नाही. तुम्ही द्या. मला सोनियाला काहीतरी सांगावं लागेल, आणि त्याआधी मला स्वतःला कळायला पाहिजे.

आमरीन माझ्यासमोर बसली होती, हातातला फोन उलटसुलट करत. म्हणाली, "बाई, काय लिहू मी? आमच्यात बी कोणी नवऱ्याला असं म्हणत नाय. खोटं माझ्यानं लिहवत नाय आन् खरं बी लिहवत नाय." मी तिला घरी पाठवलं.

बघ, मला जे हवं होतं ते तिनं आपणहून माझ्या पदरात टाकलं. एक ओळ लिहायची, बास. दीड महिना मी ती ओळ तोंडात धरून बसले होते आणि आता ती गिळताही येत नाही, थुंकताही येत नाही.

तुझ्या वडिलांना सांगितलं. माझ्या मनात काय आहे हे मी त्यांना कधी बोलून दाखवलं नव्हतं, पण त्यांना सगळं माहीत होतं. म्हणाले, "त्याच्या काळजाची नस बंद झाली व्हती. डागदरनं सांगितलं का नाय? बरफ उपसायची सवय नाय पोराला. तुला कुनाशी तरी भांडायचंय म्हून तू त्या पोरीला धरलीस." मी म्हटलं, "मग कुणाशी भांडू? नसेशी?" तर म्हणाले, "माझ्याशी भांड. मी हाय की हितं." आणि रडायला लागले. तुला जाळताना फोनवर बघत होतो तेव्हासुद्धा हा माणूस रडला नव्हता, नुसता म्हणत होता, आवाज वाढव, आवाज वाढव. मी त्यांना पाणी दिलं. मला रडू आलं नाही, राग आला, तुझा.

तू तिला खोटं का सांगितलंस? शेरी म्हणे! मांडवात तू म्हणालास, ती हिरमुसेल म्हणून. तेही खोटं होतं. तुला ते ऐकायचं होतं, होय ना? त्या परक्या मुलखात, अंगावर चार चार कपडे चढवून कामाला निघताना, कुणीतरी घरातलं माणूस तुला मुडद्या म्हणणारं पाहिजे होतं. माझा फोन आठवड्यातून एकदा. मधल्या दिवसांसाठी तू माझ्या तोंडचा शब्द तिच्या तोंडात ठेवलास. आणि ती बिचारी अर्थ न विचारता तो रोज जपून वापरत राहिली.

टोपी घाल म्हणाली रे ती. मी तिथं असते तर मी तरी दुसरं काय म्हणाले असते?

नसेशी कसं भांडायचं असतं ते मला माहीत नाही, कडुबा. हेलेनशी भांडायला सोपं जात होतं. सकाळी उठल्यावर काहीतरी हातात असायचं. ते सोडलं की तू नुसताच गेलेला उरतोस, कुणाच्याही हातानं नाही, कशासाठीही नाही.

तुझी आई


४ मे २०२५

हेलेन,

तू विचारलंस त्याचं उत्तर देते.

आमच्या मराठवाड्यात बायकोनं नवऱ्याला मुडद्या म्हणायची रीत आहे. सगळ्याच बायका म्हणत नाहीत, म्हणून आमरीनला ती माहीत नाही, तिचं अजून लग्न व्हायचंय. जिचा नवऱ्यावर फार जीव असतो तिनंच तो म्हणायचा असतो. आईचा शब्द पोराच्या लहानपणी पुरतो. पोरगं मोठं झालं, दूर गेलं की आईचा आवाज तिथवर पोचत नाही, मग तो शब्द सुनेकडं द्यावा लागतो. मी तो हातानं देणार होते, त्याआधीच तू घेतलास.

ऋतुराजच्या लग्नात तू पंगतीत विश्वजीतला तशी हाक मारलीस तेव्हा सगळा मांडव हसला, तो त्यासाठी. अप्पाराव मला म्हणाले, सून लई तयार केली. मी पदरानं तोंड झाकलं होतं, तुला कदाचित दिसलं असेल. मला भरून आलं होतं. वाटलं, चला, आता पोराला सांभाळणारं दुसरं माणूस झालं, मी डोळे मिटायला मोकळी.

विश्वजीतनं तुला त्याचा अर्थ लाडका असा सांगितला. तो बरोबर सांगितला. तुझ्या तोंडात त्याचा दुसरा कुठलाही अर्थ होत नाही.

सोनियाला सांग, पापाच्या काळजातली नस आधीपासून नाजूक असणार. ममानं रोज सकाळी मुडद्या म्हणून उठवलं म्हणून पापा एवढा राहिला. त्या दिवशीही ममानं हाक मारली होती आणि टोपी घाल म्हणाली होती. तिनं काहीच कमी केलं नाही. आजीनंही केलं नाही. सगळं करूनही कधी कधी माणूस जातं, आणि तेव्हा कुणाकडं बोट दाखवायला जागा नसते. हे तिला आत्ता कळलं नाही तर मोठी झाल्यावर पुन्हा सांग. मलाही या वयात आता कुठं कळतंय.

हे मी त्याची आई म्हणून लिहिते. याबाबत दुसऱ्या कुणाला विचारू नकोस, त्या यंत्रालाही नाही. रविवारचं मी तुझ्यावर सोपवते. लावलास तर हे घेतील, यांच्याशी आधी बोलू दे पोरीला.

तुझी,
आई

आमरीन, हे जसंच्या तसं फ्रेंचमध्ये कर. एक शब्दही इकडचा तिकडं करायचा नाही आणि खाली तुझ्या मनातलं काही जोडायचं नाही. खरंखोटं माझ्या माथी, तू फक्त व्याकरण बघ.